अंबागडची विहीर आणि दोन पुस्तके

भंडारा जिल्ह्यात जावे ते धान पिवळे पडू लागल्यावर! तुमसर रोडला गाडी सोडावी, तांदळाच्या गिरण्यांचे तुमसर मागे टाकावे. सातपुड्याच्या पायथ्याशी झाडीने वेढलेला अंबागड दिसू लागतो. सन १७०० च्या सुमारास देवगडच्या राजवटीत राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला.

गडाची माहिती मी काढली ती इंग्रज सरकारच्या जुन्या गॅझेटियरातून. आतल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून कैद्यांना मारीत, असे ते सांगते. मनात आले, साहेब मोठा हुशार! आधीच्या राजाचे क्रौर्य टिपून ठेवले, की आपले राज्य आपोआप न्यायाचे ठरते.

अशी गॅझेटियरे छापली जात होती, त्याच १९०८ च्या सुमारास लंडनमध्ये विनायक दामोदर सावरकर इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात राज्यकर्त्यांचीच दफ्तरे चाळीत होते. साहेबाने ‘शिपायांचे बंड’ म्हणून नोंदलेल्या १८५७ मधून त्यांनी स्वातंत्र्यसमर उभे केले. कागद तेच; वाचणारा तेवढा बदलला! पुढच्या उठावाची तयारी म्हणूनच हे लेखन चालले होते.

मूळ पुस्तक मराठीत. पण पोलिसांच्या धाकाने ते इकडे छापता आले नाही. इंग्रजी भाषांतर १९०९ साली हॉलंडमध्ये छापले गेले. सरकारने प्रकाशनाआधीच बंदी घातली! मग ‘पिक्विक पेपर्स’, ‘डॉन क्विक्झोट’ अशी वेष्टणे चढवून प्रती हिंदुस्थानात आल्या. पुढे भगतसिंगांच्या मंडळींनीही ते गुप्तपणे छापले. तुमसरात ऑगस्ट १९४२ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली, तेव्हाही बंदी होतीच. ती उठली १९४६ साली.

बंदी उठली, तरी वाचणाऱ्यांचे राजकारण थोडेच संपते? त्या पुस्तकात हिंदू आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून लढतात. लेखकाचे पुढचे राजकारण मात्र निराळ्या वाटेने गेले. म्हणून आज कोणी त्यातली ही पाने उघडतो, तर कोणी ती.

वाचकहो, अंबागडला जाल तर दोन्ही पुस्तके बरोबर न्या. सत्तेचे पुस्तक काय लपवते ते क्रांतीचे पुस्तक दाखवील. पण तेही एका हेतूने लिहिलेले आहे, हे विसरू नका. विहिरीची हकीकत इंग्रजाने लिहिली एवढ्याने ती खोटी ठरत नाही. आणि राजा आपला होता, म्हणून तिचे पाणीही गोड होत नाही!