जुना ट्रॅक्टर बघताना

आमच्या दादाला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. शेती साडेचार एकर. नवा परवडत नाही, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघता बघता वापसा निघून जातो. आबा एफडी मोडायला तयार झालेत, घरातली शेवटची. त्यामुळे गेले दोन महिने रविवार उजाडला की आम्ही दोघं कुणाच्या तरी अंगणात!

ट्रॅक्टर थंड असतानाच बघायचा, हा आमचा पहिला नियम. पण मालकाने आधीच चालू करून तापवलेला असतो. "या पाव्हणं, अर्ध्या सेल्फला चालू होतोय बघा." आता होणारच की! खरी परीक्षा सकाळी सकाळी. कॉम्प्रेशन गेलं असेल तर गार इंजिन लवकर चालू होत नाही. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात जातो, तो सोडून द्या. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनावर ऑइल टाकायचं झाकण उघडायचं. तिथूनही भकाभका धूर निघाला तर रिंगा, लायनर सगळं आलं. काळ्या धुराचं एवढं वाटत नाही, कधी कधी नुसता एअर क्लीनर चोंदलेला असतो.

रंगाकडे मी बघतच नाही. अवर मीटर तर पाचपैकी तिघांचे बंदच होते.

लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करायचं आणि गप्पा मारत बसायचं. नांगर हळूहळू खाली आला तर लिफ्ट गळतीय. एका ठिकाणी गिअरचं ऑइल दुधासारखं निघालं, म्हणजे आत पाणी. भातात चिखलणीला राबलेला असणार. दुसरीकडे ट्रॅक्टर झकास, पण आरसीवर बँकेचा बोजा. "पैसे द्या, मग बँकेचं भागवतो." दादा तसाच उठला.

पाचव्या ठिकाणी म्हातारे मालक स्वतःच म्हणाले, "चढाला तिसरा गिअर सुटतो बरं का." मुलगा नोकरीला पुण्यात, वाहणारं कोणी नाही. ट्रॅक्टर २००७ चा. १५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण केलेलं, २०२७ पर्यंत चालेल. बोजा नाही.

परतताना दादा गाडीवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर आबांना एवढंच म्हणाला, "गिअरबॉक्स खोलायला किती लागतील, मिस्त्रीला विचारतो." शनिवारी सकाळी त्याला घेऊन जातोय. तोवर किल्ली लावू नका, असं बाबांना सांगून ठेवलंय.