आईची मिश्री आणि आमचा फिल्टर

आमच्या आईस मिश्री लावण्याची सवय होती. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड डबीत भरावयाची आणि सकाळ-दुपार दातांस घासावयाची, हा तिचा नेम. आम्ही नुकतेच इंग्रजी घेऊन एम. ए. झालो होतो, असले अज्ञान आपल्या घरी नांदावे याची आम्हांस मनस्वी लाज वाटे. एके सकाळी आम्ही तिला मिश्रीचे दुष्परिणाम समजावून देऊ लागलो. त्या वेळी आमच्या बोटांत सिगारेट होती, हे आमच्या ध्यानी नव्हते. तिच्या होते.

“मिश्रीनं दात बळकट होतात, असं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं,” ती म्हणाली. “तुला रे कोणी सांगितलं?”

“आई, ही फिल्टरची आहे!” आम्ही हसून उत्तर दिले.

हे उत्तर आमचे नव्हते. मासिकांच्या मलपृष्ठांवरील देखण्या जोडप्यांनी ते आमच्या तोंडी घातले होते. आणि त्याची जन्मकथा आम्हांस फार उशिरा कळली.

१९५० साली रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची चौकशी करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड केला. (डॉल स्वतः सिगारेट ओढीत, त्यांनी ती सोडली.) गिऱ्हाईक बिचकू लागताच अमेरिकेतील कारखानदारांनी फिल्टर पुढे केला. १९५२ साली केंट सिगारेटीस बसविलेला फिल्टर आरोग्यरक्षक म्हणून मिरविला गेला. त्यात चक्क ॲस्बेस्टॉस होते, आणि ते १९५६ पर्यंत राहिले! पुढे ‘लाइट’ सिगारेटी आल्या. त्यांच्या फिल्टरला बारीक छिद्रे असत. मापनयंत्राने झुरका घेतला की त्यांतून हवा शिरे आणि डांबराचा आकडा खाली येई. माणसाची बोटे व ओठ नेमकी तीच छिद्रे बुजवीत. शिवाय तलफ भागेना म्हणून तो झुरकाही अधिक खोल घेई.

पण फिल्टरहून सरस युक्ती निराळीच होती. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट-कंपन्यांचे एक निवेदन झळकले. त्याचा सूर मोठा सभ्य होता. शास्त्रज्ञांत एकमत नाही, पुरावा निर्णायक नाही, आम्ही संशोधनास साह्य करू, असा त्याचा मथितार्थ. पुढे १९६९ च्या सुमारास एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्वच्छच लिहिले होते की, संशय हाच आपला माल.

ते वाचून आम्ही चपापलो. वर्गात विद्यार्थ्यांस संशय घ्यावयास शिकविणे हाच आमचा व्यवसाय! ‘सिगारेट हितकर आहे’ असे कोणी म्हणते, तर आम्ही त्याची टर उडविली असती. परंतु ‘अद्याप सिद्ध कोठे झाले आहे?’ या वाक्याने आमच्या पदवीचा मान राखला. शेजारच्या काकूंनी निदान ठाम असत्य सांगितले होते; ते खोडता येते. सारेच खापर जाहिरातींच्या माथी फोडावे असे नाही. निकोटीनची पकड होतीच, पण तिला शास्त्रीय सबब आम्ही पुरविली. २००६ साली अमेरिकेतील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी दशकानुदशके जनतेस फसविल्याचा निर्णय दिला व ‘लाइट’सारखे शब्द वापरण्यास मनाई केली.

त्याच्या पुष्कळ आधी आईच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा उमटला होता. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, “याचा कर्करोग होईलच असं नाही, पण होऊ शकतो.” त्याच संध्याकाळी आईने मिश्रीची डबी उकिरड्यावर रिती केली. काही महिन्यांनी चट्टा ओसरला. आम्हीही त्याच खोलीत बसलो होतो. आमच्या कानी वाक्याचा पहिला भाग तेवढा आला. त्यानंतर आम्ही अकरा वर्षे सिगारेट ओढली.

आज आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. मधल्या वळणावर सूचनाफलक आहे. तेथे आम्ही दोन-तीन मिनिटे उभे राहतो. सर प्रत्येक सूचना बारकाईने वाचतात, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे.