तेजी

मराठीत हुशार माणसाचे डोके ‘चालते’. आमच्या बेळगावातल्या शेजारच्या कन्नड काकू त्याच माणसाविषयी ‘तली भाळ ओडतद’ असे म्हणतात. म्हणजे त्याचे डोके नुसते चालत नाही, चांगले धावते! दोन्ही भाषांत डोक्याच्या वेगाचे कौतुकच आहे. वेग हाताबाहेर गेला, की मात्र आपण एकदम ‘डोके फिरले’ म्हणून मोकळे होतो. चालणे आणि फिरणे यांच्यामध्येही एक मुलूख आहे. तिथे डोके फिरलेले नसते, पण थांबतही नसते. त्या मुलखात मी काही दिवस राहून आले आहे. पुन्हाही जावे लागेल, असे डॉक्टर सांगतात. म्हणून त्याची थोडी माहिती माझ्या मित्रमैत्रिणींना द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

वैद्यकशास्त्रात त्या अवस्थेला ‘हायपोमेनिया’ म्हणतात. मेनिया म्हणजे उन्माद आणि हायपो म्हणजे त्याच्या खालची पायरी. ‘बायपोलर’ म्हणजे द्विध्रुवीय नावाच्या विकाराचे हे एक टोक. दुसरे टोक नैराश्याचे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1899 साली ही दोन टोके एकाच आजाराची आहेत, अशी मांडणी केली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात अवघड काही नाही. बाजारात तेजी येते, मंदी येते. बाजार मात्र एकच असतो. माझ्या आजाराला मी मनातल्या मनात ‘तेजी-मंदी’ असेच म्हणते.

मंदी आली की घरातल्यांना कळते. माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, रडतो. तेजी मात्र कोणाला कळत नाही, कारण तेजीत माणूस छान दिसतो. झोप कमी लागते, पण थकवा नसतो. बोलणे वाढते, कामे वाढतात, आत्मविश्वास वाढतो. अशी अवस्था निदान सलग चार दिवस टिकली आणि ती त्या माणसाच्या नेहमीच्या स्वभावाहून वेगळी असली, तर डॉक्टर हायपोमेनियाचा विचार करतात. पण घरात सलग चार दिवस आनंदाने आणि उत्साहाने वागणाऱ्या मुलीला डॉक्टरकडे कोण नेणार? आमच्याकडे तर अशा मुलीचे उदाहरण धाकट्या भावंडांना देतात!

माझी तेजी आली ती तुकईथडला. वडील रेल्वेत असल्यामुळे आम्ही बेळगावात वाढलो, पण मूळ घर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीतल्या तुकईथड गावी. गाव सातपुड्याच्या कुशीत. बाजारात हिंदी, निमाडी, कोरकू अशा बोली कानावर पडतात. घरात आमची मराठी, तीही आजीच्या माहेरची, अकोटकडची वऱ्हाडी. गेल्या वर्षी परीक्षा संपताच मी गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठले आणि पुढे बुऱ्हाणपूरवरून बसने आजीकडे गेले. घरात आजी आणि मी, दोघीच.

पहिल्या दोन रात्री उकाड्याने झोप येत नसेल, असे वाटले. पण तिसऱ्या दिवशीही तीन तासांच्या झोपेनंतर मी ताजीतवानी होते. पहाटे तीनला उठून वही उघडली, की हात डोक्याच्या मागे पडायचा. विचार धावतात म्हणजे नेमके काय होते, हे सांगणे सोपे नाही. एक उदाहरणच देते. अंगणात बाजेवर पडल्या पडल्या लहानपणी पाहिलेली तुकईथड स्टेशनची पिवळी पाटी आठवली. पाटीवरून अक्षरांचे वळण, अक्षरांवरून छपाई, छपाईवरून कागद, कागदावरून आमच्याच जिल्ह्यातला नेपानगरचा कागद कारखाना, कारखान्यावरून आपल्या कॉलेजच्या अंकाचा खर्च, खर्चावरून जाहिराती, जाहिरातींवरून बुऱ्हाणपूरची केळी, केळ्यांवरून वेफर्सचा धंदा, आणि धंद्यावरून बेळगावात दुकान! हे सारे पाण्याचा तांब्या तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत. प्रत्येक दुवा मला लख्ख दिसत होता. प्रत्येक कल्पना ‘मलाच पहिली घे’ म्हणत होती. एक लिहायला घ्यावी, तोवर तिच्या मागच्या चार निसटून जात. त्या निसटू नयेत म्हणून आणखी वेगाने लिहायचे. पाच दिवसांत दोनशे पानी दोन वह्या भरल्या.

हे दिवस सुखाचे होते, हे मी लपवणार नाही. जगातली सगळी दारे एकदम उघडल्यासारखे वाटत होते. पण सातव्या-आठव्या दिवशी सुखाचा रंग पालटला. विचार थांबवावेसे वाटले तरी थांबेनात. एकाच वेळी चार रेडिओ लागावेत आणि एकाचेही बटण हाती लागू नये, तसे झाले. समोरचा माणूस हळू बोलतो म्हणून राग येऊ लागला. दुकानदार सुटे पैसे मोजायला वेळ लावतो म्हणून राग, आजी घास चावायला वेळ लावते म्हणूनही राग!

गावात सगळे माझे कौतुक करत होते. ‘पोरगी शहरात शिकून हुशार झाली’ असे येणारा-जाणारा म्हणे. एकटी आजी गप्प होती. एका रात्री ती बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, “पोरी, आज आठवी रात हाय. तुले झोप नाई, अन् थकवाबी नाई. हे काई बरं लक्षण नाई. इतकी कायची घाई हाय तुले?” मी हसून विषय बदलला. माझ्या रात्री कोणी मोजत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

जुलैत बेळगावला परतले आणि मंदी सुरू झाली. तीन आठवडे वर्गात पाय ठेवला नाही. डोक्यात एक विचार येऊन बसला की तासन् तास हलत नसे. शेवटी वडील मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. आम्ही दोघांनी मिळून माझ्या उदासीचे वर्णन केले. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “याच्या आधी कधी नेहमीपेक्षा फार बरं वाटलं होतं का? झोप कमी आणि उत्साह जास्त, असं?”

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, हे मला पुढे कळले. रोगी मंदीत डॉक्टरकडे जातो आणि मंदीचीच तक्रार सांगतो. तेजी ही कोणाला तक्रार वाटतच नाही. मग आजाराला नुसते नैराश्य समजले जाते, आणि नैराश्यावरची काही औषधे एकटी दिली तर अशा रोग्याला उलट तेजीत ढकलू शकतात. वडील ‘नाही’ म्हणणार होते. मी तुकईथडचे नाव काढले. तिथल्या तिथे आजीला फोन लागला आणि तिने सांगितले, “आठ राती पोरगी झोपली नाई. म्या मोजल्या हायेत.” शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीच्या त्या मोजणीचा माझ्या निदानाला मोठा आधार झाला.

मला लिथियम सुरू झाले. मोबाइलच्या बॅटरीत असते तेच हे मूलद्रव्य. औषधात त्याचा क्षार वापरतात. ऑस्ट्रेलियातले डॉ. जॉन केड यांनी 1949 साली उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला, आणि आजही ते या आजारावरचे एक प्रमुख औषध आहे. त्याची रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवरही नजर ठेवावी लागते. तहान फार लागते. लिहिताना हात किंचित कापतो.

पण माझी खरी अडचण हाताची नव्हती. विचार सावकाश झाले, तेव्हा मला भीती वाटली की माझी हुशारी गेली. ज्या डोक्याची शाळेपासून वाहवा झाली, तेच गोळीने काढून घेतले की काय? ही भीती माझ्या एकटीची नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांना स्वतःलाच हा आजार आहे. लिथियम घेणे त्यांना किती जड गेले आणि तेजीच्या दिवसांची ओढ कशी सुटेना, हे त्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे. या आजारावर अधिकाराने लिहिणाऱ्या विदुषीलाही जे जड गेले, ते मला गेले यात नवल नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी वाणिज्याच्या विद्यार्थिनीला शोभेल असे एक काम केले. तेजीतल्या त्या दोन वह्या काढल्या आणि त्यांचा ताळेबंद मांडला. चारशे पानांत एकूण 31 योजना निघाल्या. शेवटपर्यंत नेलेली एकही नाही. बहुतेकींची दुसऱ्या पानावर दुसरीच योजना झालेली. काही पाने मलाच वाचता येईनात. मात्र केळीच्या वेफर्सची योजना वाईट नव्हती. ती मी पुन्हा घेतली आणि केळी, तेल, मजुरी, वाहतूक असा एकेक आकडा मांडला. चार दिवस लागले. हिशेबाअंती धंदा तोट्याचा निघाला! पण मला त्या दिवशी फार बरे वाटले. कारण एक विचार आरंभापासून शेवटपर्यंत माझ्या हातात राहिला होता. तेजीत कल्पना पुष्कळ येतात, पण एकीलाही ‘नाही’ म्हणण्याइतकी उसंत मिळत नाही. आणि विचार करणे म्हणजे निम्मे तर ‘नाही’ म्हणणेच आहे. त्या आठ रात्रींत मला जो नफा वाटला, तो झोपेच्या भांडवलातून काढलेली उचल होती. तिची वसुली जुलैत झाली.

माझे आजोबा आमच्या गावावरून जाणाऱ्या मीटरगेजवर गँगमन होते. ती गाडी 2017 मध्ये बंद झाली, पण लहानपणी मी तिच्यातून अकोटला गेले आहे. वाटेत धूळघाटाजवळ रूळ एक पूर्ण वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत. मला तेव्हा वाटे, इतका लांबचा फेरा कशाला? आजोबा सांगत, की घाटात सरळ रूळ टाकले तर चढ गाडीला झेपत नाही. वाट लांबवली की चढ सौम्य होतो. माझा हल्लीचा दिनक्रम असाच फेऱ्याचा आहे. रात्री दहाला दिवा बंद, सकाळी सहाला उठणे, जेवण आणि गोळी ठरल्या वेळी, आणि एका कोष्टकात रोजच्या झोपेचे तास. सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली, की डॉक्टरांना फोन करायचा. मैत्रिणी रात्रभर जागून अभ्यास करतात. मला ते जमणार नाही. मी पंधरा दिवस आधी पुस्तक उघडते.

या आजाराविषयी बोलू नये, असे नातेवाइकांनी आईला बजावले. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’ हे कारण तर ठरलेलेच. आई काही दिवस शेजारी ‘रक्त कमी आहे’ असे सांगत होती. आजीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, “माह्या उशाशी बीपीची गोळी असते, ते कोनापासून लपवली का म्या?” त्यानंतर घरातली कुजबूज थांबली.

आपल्या देशात 2015-16 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. बायपोलर असलेल्या शंभरांपैकी सुमारे 70 जणांना उपचार मिळत नाहीत, असे त्यात दिसून आले. या अंकाचे वाचक शेकड्यांनी आहेत. त्यांच्यात मी एकटीच असेन, असे मला वाटत नाही. धारवाडला या आजारांसाठी डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत किंवा कन्नडमध्ये विनामूल्य बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क दिला आहे.

वसतिगृहात शेजारच्या खाटेवरची मैत्रीण रडत असेल, तर तुम्ही तिची विचारपूस करालच. पण एखादी मैत्रीण चार-पाच रात्री तीन तास झोपून हसतमुख उठत असेल, भरभर बोलत असेल, रोज नवी योजना सांगत असेल, तर तिचेही नुसते कौतुक करून थांबू नका. तिच्या रात्री मोजा, आणि तिच्या घरच्यांना कळवा.