भाची पाणी का पीत नव्हती?



गेल्या जूनमधली गोष्ट. सकाळी ताईच्या घरी गेलो होतो. आठवीत गेलेली भाची शाळेला निघायच्या तयारीत होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर धरून चालते. तिनं पोळी कोरडीच खाल्ली, चहाला हात लावला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाली, "नको मामा, शाळा आहे."

शाळेचा आणि पाण्याचा काय संबंध, मला कळेना. ताई खाली बघत म्हणाली, "यंदा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मी सकाळी पाठीवर घेऊन वर बसवते, सुटल्यावर खाली आणते. मधे लघवीला लागली तर पोरीनं काय करायचं? म्हणून ती पाणीच पीत नाही."

दर १४ एप्रिलला मी भाषणात सांगतो, की साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, आणि पाणी द्यायला शिपाई नसला तर तहानलेलंच राहावं लागे. त्यांना शाळेत प्रवेश होता, हजेरीपटावर नाव होतं, फक्त पाणी नव्हतं. जात आणि अपंगत्व या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला कळतं. पण शंभरहून जास्त वर्षांनी माझ्याच घरातलं लेकरू शाळेत तहानलेलं बसतं आणि मला त्याचा पत्ता नाही, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. म्हणाले, "आम्ही भेदभाव करत नाही हो. प्रवेश दिलाय ना? नियम सगळ्यांना सारखा, आठवीचे वर्ग वरच भरतात. एका मुलीसाठी अख्खा वर्ग खाली आणायचा का? त्यापेक्षा विशेष शाळा बघा."

यातलं प्रत्येक वाक्य सभ्य होतं, आणि कायद्यापुढे एकही टिकत नव्हतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला लागू आहे. शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि आवार वापरता येईल असं ठेवायचं आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची. वाजवी सोय म्हणजे अवाजवी बोजा न पडता करता येण्यासारखा बदल. वर्गाची खोली बदलायला तर एक रुपयाही लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, याच कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. त्यामुळे "नियम सगळ्यांना सारखा" हा बचाव इथे चालत नाही. जिन्यापुढे सगळी मुलं सारखी नसतात.

राहिली विशेष शाळा. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि ही निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून वाजवी सोय नाकारता येत नाही. विकास कुमार खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं लेखनिकाच्या प्रश्नावर हेच स्पष्ट केलं. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतीही आहेत.

आणखी एक कलम आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावं असं आहे: ९२. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमानित केलं तर ६ महिने ते ५ वर्षे कैद. अॅट्रॉसिटी कायदा वाचलेल्याला ही भाषा लगेच ओळखू येईल. या कलमाच्या शीर्षकातही अत्याचार हाच शब्द आहे.

आपण हरिजन हा शब्द नाकारला, कारण गोड नावानं पाणवठा खुला होत नव्हता. दिव्यांग या शब्दाचंही तेच आहे. नाव दिव्य झालं, शाळेच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

मी हुज्जत घातली नाही. ताईच्या सहीनं अर्ज लिहिला, त्यात कलमं घातली, दोन मागण्या केल्या: वर्ग तळमजल्यावर आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. उत्तर आलं नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करू, हेही लिहिलं. पंधरा दिवसांत पाचवीचा वर्ग वर गेला, आठवीचा खाली आला. कुणाचंच काही बिघडलं नाही. स्वच्छतागृहाला मात्र अजून उंच पायरी आहे आणि आत धरायला दांडा नाही. त्यासाठी दुसरा अर्ज दिलाय. भाची आता सकाळी अर्धा पेला पाणी पिते. अर्धाच.

ही विजयाची गोष्ट म्हणून मी बैठकीत सांगत होतो. भाची शेजारी होती. ती सहज म्हणाली, "मामा, विहारात पण मी खालीच बसते ना?"

आमच्या विहाराला पाच पायऱ्या आहेत. वंदनेच्या वेळी ती खाली वॉकर धरून थांबते, हे आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. अभ्यासिका तर पहिल्या मजल्यावर. शाळेला कलम दाखवणारा मी, त्या पायऱ्या बांधताना वर्गणी गोळा करत होतो.

रॅम्पचं काम पुढच्या रविवारी सुरू होतंय. तुमच्या वस्तीतही अशी मुलं आहेत, घरात बसलेली किंवा वर्गात तहानलेली. आधी त्यांच्या घरी जा आणि विचारा, शाळेत पाणी पितोस का? उत्तर ऐकून मग अर्ज लिहायला बसा. पोच घ्यायला विसरू नका.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण तोंडपाठ म्हणतो. पण शिकण्याच्या दारात जिना असेल, तर संघर्ष तिथूनच सुरू करावा लागेल.

जयभीम! जय संविधान!