शेंद्र्याची हलगी आणि तुमची गिटार

शेंद्रा म्हटलं की आठवते एमआयडीसी. संभाजीनगरहून जालना रोडने निघालात आणि चिकलठाण्याचं विमानतळ मागं पडलं की थोड्याच वेळात कारखाने दिसू लागतात. २००१ मध्ये स्कोडाचा प्लांट इथं सुरू झाला, पुढे ऑरिक सिटी आली. थोडक्यात काय, तर शिफ्ट, कँटीन आणि कंपनीची बस! पण चैत्रात या. शेंद्रा कमंगर गावात मांगीरबाबांची यात्रा भरते आणि हाच परिसर माणसांनी फुलून जातो.

मातंग समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. मराठवाड्यातून आणि बाहेरूनही लोक नवस फेडायला येतात. आणि यात्रा म्हटली की हलगी आलीच. एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. चामडं सैल पडलं की जाळ करून हलगी शेकायची, पुन्हा तोच कडक आवाज! ना साउंडचेक, ना मॉनिटर. वर चैत्रातलं ऊन.

वीकेंडला खोलीचं दार लावून प्रॅक्टिस करणाऱ्या आणि कधीतरी 'फुलटाइम म्युझिक'चं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकानं हे पाहायलाच हवं. खोलीत चुकलं की आपण पहिल्यापासून सुरू करतो. गर्दीत ती सोय नाही. चुकलेला ठोका पुढच्या मात्रेत सावरायचा, चेहरा हलू द्यायचा नाही. लोक थंड पडले की लय चढवायची, नाचणारे दमले की थोडी उतरवायची. हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, समोरची माणसंच शिकवतात.

मोठ्यांचंही तेच. बीटल्स जगाला माहीत होण्याआधी, १९६० ते १९६२ या काळात, हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवत होते. पंडित भीमसेन जोशी मैफलींसाठी स्वतः गाडी चालवत गावोगाव फिरले. रियाझ दोघांनीही केला, पण त्याला धार आली ती लोकांसमोर.

मुद्दा फक्त हात बसण्याचा नाही. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न घरात बसून सुटत नाही. मित्र 'मस्त!' म्हणणारच. अनोळखी माणूस मात्र आवडलं नाही तर सरळ उठून जातो. अशा लोकांपुढे पंचवीस-तीस वेळा उभे राहा. आपल्याला हे झेपतं का, आणि मुख्य म्हणजे तरीही आवडतं का, हे राजीनामा टाइप करण्याआधीच कळेल. सुरुवातीला सोसायटीचा गणपती, कंपनीचा अॅन्युअल डे, मित्राच्या लग्नातलं संगीत, काहीही चालेल.

कसं जाल? संभाजीनगरहून जालना रोडने गाडी काढा. यात्रेत गर्दी असते, त्यामुळे सकाळी लवकर निघा. पाणी आणि टोपी सोबत घ्या. आणि हेडफोन? तो घरीच ठेवा, बॉस!