दोन पानं, दोन वाक्यं

तिया वारली त्याला आता एक पावसाळा होऊन गेला. महिन्याच्या मिसेला मी तेरेखोलला गेले होते. मीस कोकणीत झाली, मागाहून चहा-बिस्किटं झाली आणि केरीला परतायला फेरीबोटीत पाय ठेवला तेव्हा एक गोष्ट एकदम अंगावर आली. माझ्याशी पोर्तुगीज बोलणारं माणूस आता नदीच्या त्या तीरावर नाही आणि या तीरावरही नाही. चाळिशी उलटल्यावर एकटीनं शिकलेली भाषा. ती कुणाशी बोलायची?

शिकायला बसले ते प्रेमापोटी नव्हे, रागापोटी. फिरंगी जाऊन तीनचार वर्षं झाली असतील. बाबा मला घेऊन पेडण्याला गेले होते. तिथे फिरंगी कागद वाचून देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या सोप्यावर बाबा उभेच. काखेत मेणकापडात गुंडाळलेली आजोबांची इस्क्रितुर, हातात नारळांची पिशवी. गृहस्थांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि दोन्ही पानं मनातल्या मनात वाचली. ओठ हलत होते. मग म्हणाले, ‘भाट तुझ्या बापायच्या नांवार आसा. वाट उत्तरेक आसा.’ बाबांनी विचारलं, ‘इतकेंच?’ ‘इतकेंच.’ पैसे दिले, नारळ ठेवले, आम्ही उतरलो. दोन भरगच्च पानं आणि दोन वाक्यं. मी लहान होते, पण हा हिशेब मला त्या पायऱ्यांवरच पटला नव्हता.

पुढे म्हापशाला नोकरी लागली आणि जाता-येता बसमध्ये मोकळा वेळ मिळू लागला. शिकवायला कोणी नव्हतं. पणजीला वर्ग चालत, पण संध्याकाळची शेवटची गाडी कोण चुकवणार? हाताशी आला तो मोन्सिन्योर दाल्गादांचा कोकणी-पोर्तुगीज कोश, 1893 साली मुंबईत छापलेला. त्यात कोकणी शब्द देवनागरीत आहेत. आपल्या घरातल्या शब्दाचं बोट धरून पलीकडे जायचं. उंबरा, कोयंडा, न्हाणी, आडो अशा ओळखीच्या दारांनी मी त्या भाषेत शिरले. आसगावात 1855 साली जन्मलेल्या या माणसाचे दोन्ही पाय पुढे कापावे लागले. त्यानंतर लिस्बनमध्ये बसून त्यानं पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा दोन खंडांचा कोश पुरा केला. 1919 आणि 1921. 1922 मध्ये तो गेला. ते वाचलं त्या दिवसापासून बसमध्ये उभं राहावं लागलं तरी मी पुस्तक मिटलं नाही.

कागदाची पोर्तुगीज हे एक वेगळंच रान असतं. पूर्णविराम पानाच्या शेवटी. तारीख, महिना, साल सगळं अक्षरात. चतुःसीमा सांगताना पूर्वेला सूर्य उगवतो ती बाजू, पश्चिमेला मावळतो ती. कारकुनाच्या अक्षराला डोळे सरावायलाच वर्ष गेलं. मग एका रविवारी आजोबांचा 1938 सालचा तो कागद समोर घेऊन बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

भाट होतं. उत्तरेची वाट होती. आणि दुसऱ्या पानाच्या मधोमध माई काकी होती.

माई काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. विसाव्या वर्षी विधवा झालेली, मूलबाळ नाही. आजोबांनी लिहून ठेवलं होतं की घराची पश्चिमेकडची खोली, तिला असलेलं वेगळं दार आणि विहिरीजवळच्या पाच माडांचं उत्पन्न या सुनेनं हयातभर उपभोगावं. तिला कोणी उठवू नये. मी पाहिलेली माई काकी माजघराच्या कोपऱ्यात, कांबळं अंथरून निजायची. पश्चिमेच्या खोलीत आमची भाताची कणगी होती. डोक्याला लावायला तेल हवं असलं तर ती आईजवळ वाटी घेऊन यायची आणि वाटी पुढे न करता नुसती उभी राहायची. पाच माडांची धनीण! माझ्या आई-बाबांनी तिचं मुद्दाम काही हिरावून घेतलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्यांना माहीतच नव्हतं. ज्याला माहीत झालं होतं, त्यानं ‘इतकेंच’ म्हटलं. मी वाचलं तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या गृहस्थाला मी अजून माफ केलेलं नाही.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून तियाकडे गेले. ती पणजीच्या लिसेवात शिकलेली, लग्न होऊन तेरेखोलला आलेली. मी पोर्तुगीजमध्येच सांगू लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘बाय, तूं इस्क्रितुरीभशेन उलयता.’ मग तिनं मला मीठ मागायला, कुत्र्याला हाकलायला, पावसावर चिडायला शिकवलं. तिची पोर्तुगीज गोव्याची, सगळे स्वर उघडे. रेडिओवरची लिस्बनची माणसं अर्धी अक्षरं गिळतात. मला तियाचीच गोड वाटायची.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा; 1746 मध्ये आलोर्नाच्या मार्किसनं तो घेतला. पेडणे तर 1788 पर्यंत पोर्तुगिजांकडे नव्हतंच. म्हणून 1684 चा तो फतवा आमच्या पूर्वजांवर चालला नाही. लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं, असा विजरईचा हुकूम होता. शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांना तीन वर्षं! असं फर्मान काढणाऱ्यानं स्वतः कधी मोठेपणी एखादी भाषा शिकून पाहिली असेल, असं मला वाटत नाही. पुढे 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेद आफोन्सच्या तुकडीनं याच किल्ल्यावर तिरंगा लावला. फिरंगी 1961 मध्ये गेले, पण 1867 चा त्यांचा नागरी कायदा मागे राहिला. लग्न आणि कुटुंबाची मालमत्ता यांबाबत तो आजही धरला जातो. पेट्यांतले कागदही राहिले. पालयें, हरमल, मांद्र्याहून लोक आता ते घेऊन माझ्याकडे येतात. मी पैसे घेत नाही आणि एक ओळ गाळत नाही. साक्षीदारांची नावं, त्यांचे धंदे, शिक्क्यांची किंमत, सगळं मोठ्यानं वाचते. माणसं कंटाळतात, जांभया देतात. देऊ देत. न जाणो, कुठल्या ओळीत कुणाची काकी बसलेली असेल.

यातलेच काही कागद आजकाल दुसऱ्या कामाला लागतात. आजोबांचा जन्मदाखला लिस्बनला नोंदवायचा, पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा; 2020 संपेपर्यंत त्यावर थेट इंग्लंड गाठता येई. माझ्या शेजारचा मुलगा असाच गेला, तो आता स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. त्यानं पत्ता पाठवला तेव्हा मी नकाशा उघडून बसले, कारण पत्त्यातलं विल्टशर हे नाव मला दुसरीकडून माहीत होतं. फादर स्टीफन्स त्याच परगण्यातला. त्याचं बुशटन हे गाव स्विंडनपासून काही मैलांवर. 1579 मध्ये, तिशीच्या आसपास, तो गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, कोकणी आणि मराठी शिकला. कोकणीचं व्याकरण त्यानं लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. आणि क्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, 1616 मध्ये रायतूरला छापून निघालं. रोमन लिपीत.

धर्मांतराच्या त्या काळाबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहे, आणि स्टीफन्स त्या कामासाठीच आला होता. पण ओवी कानात मुरल्याशिवाय हाताला येत नाही. परक्या माणसाला ती यायला किती बायकांची जात्यावरची गाणी त्यानं कुंपणाबाहेर उभं राहून ऐकली असतील? त्या बायकांची नावं कुठल्या इस्क्रितुरीत नाहीत.

शेजारच्या मुलाची मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिचा जन्म तिथलाच. आजीचं बोलणं तिला समजतं, वाचता मात्र येत नाही. मागच्या महिन्यात तिच्या बापानं फोनवर विचारलं, ‘मावशी, तिला मराठी पत्र लिहाल? पण देवनागरी नको, तिला फक्त ए-बी-सी-डी येते.’ पेडण्याच्या मराठी शाळेत शिकलेली मी. रोमन अक्षरांत मराठी लिहायची म्हणजे माझ्या जिवावरच येतं. ‘ळ’ कसा दाखवायचा हेच कळेना. शेवटी क्रिस्तपुराणाची रोमन प्रत काढली आणि स्टीफन्सनं ‘ळ’साठी काय केलंय ते शोधत बसले.