जिजाऊंच्या जिल्ह्यात ताराबाई कुठे आहेत?

दरवर्षी १२ जानेवारी आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले रस्ते सिंदखेडराजाकडे वळतात. आम्हीही जातो. लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर उभं राहतो, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरतो, दोन-चार पुस्तकं घेऊन रात्री गावात परततो. जिजाऊ आमच्या जिल्ह्याच्या लेक, याचा आम्हाला अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यावर ‘जिजाऊंना कमी लेखता काय?’ असं विचारायला काही जण टपलेलेच असतात.

आमच्या गावच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तिथल्या भिंतीवर आम्हीच काही वर्षांपूर्वी एक फलक लावला. वर मथळा ‘कर्तृत्ववान स्त्रिया’, खाली महाप्रजापती गौतमी, जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीमाई, फातिमा शेख, रमाई. एका रविवारी नववीतल्या एका मुलीने फलकाकडे बघत विचारलं, “दादा, यातल्या पुस्तक लिहिणाऱ्या किती? आणि आपल्या जिल्ह्याच्या किती?” आम्ही मोजलं. ‘काव्यफुले’ लिहिणाऱ्या सावित्रीमाई एक. जिल्ह्याच्या जिजाऊ एक. ती लगेच म्हणाली, “म्हणजे आपल्या जिल्ह्यातली, आणि पुस्तक लिहिणारी, अशी एकही नाही?”

वर्गात तेव्हा आमच्यापैकी आठ-दहा जण होते. पदवीधर, शिक्षक, चळवळीत वीस वर्षं घातलेले. एकालाही पटकन उत्तर देता आलं नाही. कोपऱ्यात बसलेले निवृत्त गुरुजी तेवढे म्हणाले, “आहे ना. ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्याच.”

आम्हाला नाव माहीत नव्हतं असं नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘स्त्रीपुरुषतुलना, १८८२’ ही एक ओळ पाठ केलेले आमच्यातच तिघे होते. पण ती ओळ आणि आपलं गाव, आपला जिल्हा, आपली चळवळ यांचा काही संबंध आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर ‘आमचा इतिहास दडपला गेला’ अशी भाषणं केली, त्यांनी स्वतःच्या दारातला इतिहास असा एका गुणापुरता ठेवला होता.

मग आम्ही ते पुस्तक मिळवलं, झेरॉक्स काढल्या आणि चार रविवार मोठ्याने वाचलं.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला त्यांनी मराठीखेरीज संस्कृत आणि इंग्रजीही शिकवलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करून काळ्या पाण्याची केली गेली. पुनर्विवाहाला बंदी घालणारा धर्म मोकळा, तिच्या पोटातल्या मुलाचा बाप मोकळा, गुन्हेगार फक्त ती. वर वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर लिहायला लागली. त्या सगळ्यांना वऱ्हाडातल्या या एका बाईने उत्तर दिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली ते छापून निघालं.

उत्तराची रीत साधी होती. बायकांच्या अंगी जे जे दुर्गुण म्हणून सांगितले जातात ते एकेक घ्यायचे आणि तेच पुरुषात किती आहेत ते दाखवायचं. नवरा हाच देव, हा नियम बाईलाच का? नवरा मेला तर तिने जन्मभर कोपऱ्यात बसायचं आणि बायको मेली तर याने लगेच दुसरी आणायची, हा न्याय कुणी ठरवला? पुराणातले देव आणि ऋषी, सभेत स्त्री-सुधारणेवर बोलून घरी हातावर हात ठेवून बसणारे सुधारक, बायकांना कपटी रंगवणारे त्या काळचे नाटककार आणि कादंबरीकार, यातल्या कुणालाच त्यांनी सोडलं नाही. मनुस्मृतीचं दहन १९२७ साली महाडला झालं. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी एका बाईने शास्त्रांनाच जाब विचारला होता, तोही आमच्या बुलढाण्यात बसून.

त्यांच्या वाट्याला काय आलं? टीका आणि टिंगल. स्वतःला सुधारक म्हणवणाऱ्यांनाही हे पुस्तक पचलं नाही. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकातून त्यांची बाजू जाहीरपणे घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. सत्तर-ऐंशी वर्षं त्यांचं नाव मराठी साहित्याच्या व्यवहारातून जवळजवळ पुसलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा महाराष्ट्राला ती नव्याने दिसली.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला आइसलँड नावाच्या उत्तरेकडच्या लहानशा देशात सुमारे नव्वद टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं सगळं काम बंद ठेवलं. पाच वर्षांनी, १९८० साली, विग्दिस फिन्बोगादोत्तिर तिथे राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी मतदानाने निवडून दिलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्याआधी त्या नाट्यसंस्था चालवत होत्या, घटस्फोटित होत्या आणि मुलगी दत्तक घेऊन एकटीने वाढवत होत्या. सोळा वर्षं त्या पदावर राहिल्या. त्या देशाची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे. आमच्या एकट्या बुलढाणा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती. तेव्हा ‘लहान जागेत मोठी माणसं कुठून येणार’ ही सबब खोटी आहे. माणसं असतात. त्यांची नोंद ठेवायची की नाही हे समाज ठरवतो.

विग्दिस यांच्या नावातला ‘दोत्तिर’ म्हणजे मुलगी. फिन्बोगींची मुलगी. तिथे लग्न झालं म्हणून बाईचं नाव सहसा बदलत नाही. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा तांदळाच्या ताटात पुसून नवं लिहिलं जातं. ताराबाई त्यातून सुटल्या, कारण त्यांचे पती घरजावई होते आणि त्या बापाच्या घरी, बापाच्या आडनावाने राहिल्या. त्या दुसऱ्या गावी सून म्हणून गेल्या असत्या तर हे पुस्तक लिहिलं गेलं असतं का, असा प्रश्न वर्गात निघाला. कुणी उत्तर दिलं नाही, पण बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिजाऊ भिंतीवर आहेत, ताराबाई नाहीत, असं का?

आमचं उत्तर असं. आई ही भूमिका व्यवस्थेला चालते. जिजाऊंनी पुण्याची जहागीर सांभाळली, न्यायनिवाडे केले, राज्यकारभार पाहिला. पण फलकावर आणि भाषणात त्या उरतात त्या शिवबाला घडवणारी माता म्हणून. म्हणजे त्यांचंही अर्धं कर्तृत्व आम्ही कापलेलंच आहे. ताराबाईंना मूल नव्हतं. कुणाची आई, कुणाची पत्नी म्हणून त्यांचा गौरव करायची सोयच नाही. त्यांचं एकच काम, प्रश्न विचारणं, आणि तो प्रश्न थेट घरातल्या पुरुषाला आहे. मनुवाद्याला तो बोचतो हे खरं. पण जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्या आणि घरी गेल्यावर ताट वाढायची वाट बघणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यालाही तो तितकाच बोचतो.

आमच्यातल्या एकाने हरकत घेतली. “त्या मराठा होत्या. त्यांच्या पुस्तकात आपल्या बायकांचं दुःख कुठे आहे?” हरकत खरी आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. ताराबाईंच्या डोळ्यांपुढे आहे ती मुख्यतः पुनर्विवाहाची बंदी असलेल्या जातींतली, उंबऱ्याच्या आत कोंडलेली बाई. वेठबिगारीला जाणारी, मेलेलं ढोर ओढणाऱ्याच्या घरची, पाणवठ्यापासून हाकलली जाणारी बाई त्या तुलनेच्या मध्यभागी नाही. ते दुःख त्यांच्याही आधी, १८५५ साली, मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिलं होतं. म्हणून मुक्ता सोडून ताराबाई घ्यायच्या नाहीत आणि ताराबाई सोडून मुक्ता घ्यायची नाही. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानलं, तेव्हा त्यांची जात पाहिली नाही. फुल्यांनी जिची बाजू घेतली तिला परकी ठरवणारे आम्ही कोण?

हे बोलणं चालू असताना मागे बसलेल्या एका आजींनी आम्हाला खरा धक्का दिला. वय सत्तरीच्या पुढे, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बाप्पा, ते पुस्तकवाल्या बाईचं ठीक हाये. पण आमी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हटल्या, त्या कुणी लिवल्या? आमचं नाव कुठी हाये?”

विहारात शांतता झाली. आजींनी जोडलेल्या ओव्या आमच्या गावात तीन पिढ्यांनी ऐकल्या आहेत. जयंतीला गायक बाहेरून येतात, त्यांचं नाव फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात असतं, मानधन ठरलेलं असतं. आजी त्याच दिवशी मागे चुलीजवळ पुऱ्या लाटत असतात. त्यांच्या ओव्या आम्ही कधी वहीत उतरवल्या नाहीत. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जे काम त्यांनी केलं ते आम्ही आमच्या विहारात केलं नाही.

याला ब्राह्मणी साहित्यव्यवहार जबाबदार आहे असं म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. बाबासाहेब हजर होते, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ऐंशी वर्षांपूर्वी अध्यक्ष बाई होती. आमच्या गेल्या वर्षीच्या जयंतीच्या पत्रिकेत सतरा नावं होती, त्यातली बाई एक, तीही स्वागतगीतासाठी. बेबीताई कांबळे ‘जिणं आमचं’ कितीतरी वर्षं नवऱ्यापासून लपवून लिहीत राहिल्या. तो नवरा परजातीचा नव्हता, आमच्यातलाच होता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं, गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधलं. त्यातला ‘ही’ कुणाला उद्देशून आहे, हे आम्हाला आता कळलं. तो आम्हालाच आहे.

ग्रामपंचायतीत आज बायकांना निम्म्या जागा आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लिहायचं ठरलं आहे. कायदा आपलं काम करतो. पण ग्रामसभेत बाईच्या नावाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो आणि आपण त्याला ‘सरपंच’ म्हणून हाक मारतो, तेव्हा कायदा हरतो. ती हाक मारणाऱ्यांत आम्हीही होतो.

म्हणून आम्ही ठरवलं ते थोडक्यात सांगतो. जुना फलक काढलेला नाही, त्याशेजारी दुसरा लावला आहे. त्यावर पहिली मुक्ता साळवे, मग ताराबाई शिंदे, सुलोचनाबाई डोंगरे, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे. त्याखाली जागा रिकामी ठेवली आहे. नववीतली ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आता रविवारी दुपारी आजींच्या ओसरीवर बसून ओव्या वहीत उतरवतात. प्रत्येक ओवीखाली आजींचं नाव, त्यांच्या आईचं नाव आणि माहेरचं गाव. वही अर्धी भरली आहे. यंदाच्या पत्रिकेत निम्मी नावं बायकांची असतील, आणि जयंतीच्या दिवशी पुऱ्या लाटायला आम्ही बसणार आहोत. पहिल्या वर्षी त्या वाकड्या होतील, होऊ द्या.

तुमच्या गावच्या विहारात, वाचनालयात, समाजमंदिरात असा एखादा फलक असेलच. त्यापुढे उभं राहून तो दोनदा मोजा. आधी त्यावर असलेली नावं मोजा. मग स्वयंपाकघरात जाऊन, त्यावर नसलेली मोजा.

जय भीम. जय जिजाऊ. जय सावित्री.